ताजं बी म्हणजे तयार बी नव्हे



मे महिना सरत आला की मला फोन सुरू होतात. प्रश्न ठरलेला असतो. "उन्हाळी भुईमूग काढलाय, शेंग एकदम भरलीया. हेच बी खरिपाला टाकलं तर चालंल न्हवं? ताजं हाय एकदम."

मी दरवेळी उलटा प्रश्न विचारतो, "काढून किती दिवस झालं?" समोरचा गप्प होतो. त्याला वाटतं, हा काय विचारतोय, ताजं म्हटल्यावर झालं की.

आज ह्याच "ताजं" शब्दाबद्दल लिहायचं आहे. भाजी ताजी असली की चांगली, दूध ताजं असलं की चांगलं. पण बियाण्याचं तसं नाही. बियाण्याच्या बाबतीत ताजं म्हणजे कौतुक नव्हे, ती सूचना आहे. हे मला फार महाग पडून कळलं, म्हणून सांगतो.

चार वर्षांमागची गोष्ट. ऊस गेल्यावर रान मोकळं व्हायला उशीर झाला, म्हणून उन्हाळी भुईमूग जानेवारीच्या शेवटी टोकला. वाण टीपीजी-४१, भाभा अणुसंशोधन केंद्राचं मोठ्या दाण्याचं. २ जूनला काढणी केली. शेंगा बघून शेजारीपाजारी थांबायचे. आमच्या बायकोचा धाकटा भाऊ आला होता. तो म्हणाला, "दाजी, मला वीस गुंठ्याचं बी द्या." मी पैसे घेतले नाहीत. वीस गुंठ्याला २५ किलो दाणे निघतील एवढ्या शेंगा तोलून पोत्यात घातल्या आणि वर म्हणालो, "पाव्हणं, एकदम ताजं बी हाय, डोळं झाकून पेरा."

त्यानं तेच केलं. पाऊस त्याच्याकडं लवकर झाला, वाफसा आला, १९ जूनला पेरणी उरकली. २९ तारखेला फोन. "दाजी, तुमचं बी झोपलं."

दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं. ओळीत हातभर अंतरानं एखादा कोंब. मोजलं तर दहा दाण्यांमागं तीनच उगवलेले. बोटांनी ओळ उकरली. दाणे जागच्या जागी होते. फुगलेले, टणक, साल गुलाबी. एक दाणा नखानं चिरला तर आत पांढराशुभ्र. वास नाही, बुरशी नाही. मला काही सुचेना. सडलेला नाही, किड्यानं खाल्लेला नाही, मग उगवत का नाही? त्या पोरानं दोन दिवस वाट बघितली आणि रान मोडून सोयाबीन पेरलं. चूक त्याची नव्हती. खरिपाची तारीख कुणासाठी थांबत नाही.

खरी गंमत पुढं झाली. गंमत कसली, दुखणंच. माझ्या रानात पाण्याचा निचरा कमी, वाफसा यायला उशीर झाला. त्याच ढिगातलं, त्याच दिवशी वाळवलेलं बी मी ८ जुलैला पेरलं. सातव्या-आठव्या दिवशी ओळीच्या ओळी दिसायला लागल्या. नांग्या भरायचं कामच पडलं नाही.

आता तुम्हीच सांगा, बघणारा काय म्हणणार? दाजींनी चांगलं बी स्वतःला ठेवलं आणि आम्हाला टाकाऊ दिलं. तो तोंडानं बोलला नाही, पण दिवाळीत भाऊबीजेला आला, ओवाळून घेतलं आणि चहा न घेता गाडीला किक मारून गेला. बायको दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. माझ्याकडं उत्तर नव्हतं. बी एकच होतं, एवढंच मी सांगत राहिलो, आणि ते खरं असूनही खोटं वाटत होतं.

उत्तर मिळालं ते कृषी विज्ञान केंद्रातल्या एका ताईंकडून. सगळी कहाणी ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "काढणी कधीची?" मी सांगितलं २ जून. त्यांनी बोटांवर दिवस मोजले. पाव्हण्यांची पेरणी काढणीनंतर १७ व्या दिवशी. माझी ३६ व्या दिवशी. "ह्या वाणाला काढणीनंतर साधारण २५ दिवसांची सुप्तावस्था आहे," त्या म्हणाल्या. "तुमचं बी मेलेलं नव्हतं, झोपलेलं होतं. त्यांनी झोपेत पेरलं, तुम्ही जागं झाल्यावर."

म्हणजे पोरगा जे रागानं बोलला होता तेच शास्त्रानं बरोबर होतं. बी झोपलंच होतं!

ही झोप काय असते ते माझ्या समजुतीनं सांगतो. बी पक्व झालं, पाणी आहे, ऊब आहे, हवा आहे, तरी ते उगवत नाही. आतूनच त्याला परवानगी नसते. काढणीनंतर दिवस जातील, बी वाळेल, तशी ती परवानगी हळूहळू मिळते. निसर्गानं हे उगाच केलेलं नाही. रानातल्या तणाकडं बघा. घोळ, तांदुळजा, दरवर्षी हजारो बिया टाकतात, पण सगळ्या एकदम उगवत नाहीत. आज काही, महिन्यानं काही, पुढच्या वर्षी काही. म्हणून आपण कितीही खुरपलं तरी तण हरत नाही. पिकांतली ही झोप माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवड करत कमी केली, कारण आपल्याला सगळं एका दिवशी उगवलेलं हवं. पण काही पिकांत, काही वाणांत ती उरली आहे.

भुईमुगातच बघा. उपट्या जातीत, म्हणजे एसबी-११ सारख्या, झोप जवळजवळ नाहीच. पसऱ्या आणि निमपसऱ्या जातींत ती महिन्यांत मोजावी लागते. आमच्या भागातली जुनी माणसं पसऱ्या भुईमूग लावायची, पण त्यांना हा प्रश्न कधी आला नाही. कारण ती खरिपाचं बी दिवाळीच्या आसपास काढून पुढच्या मृगापर्यंत कणगीत ठेवायची. सात-आठ महिने बी निवांत झोपून उठायचं. आपण उन्हाळी पीक आणलं, काढणी आणि पेरणी यांच्यातलं अंतर तीन आठवड्यांवर आणलं, पण बियाला विचारलं नाही. बाकी पिकांतही हे आहे. सूर्यफुलाचं ताजं बी साधारण दीड महिना झोपतं. बटाट्याचं ताजं बेणं दोन महिने तरी डोळे उघडत नाही, हे बटाटेवाल्यांना पाठ आहे.

आता कुणी म्हणेल, मग झोप नसलेलाच वाण लावू, कटकट मिटली. त्यांनी मे २०२५ आठवावा. मान्सून त्या वर्षी २६ मे लाच मुंबईत पोचला आणि त्याच्या आधीपासून पाऊस झोडपत होता. काढणीला आलेला उन्हाळी भुईमूग चिखलात अडकला. ज्या वाणाला झोप नाही त्याच्या शेंगांना जमिनीतच मोड आले. उपटल्यावर शेंगेतून पांढऱ्या मुळ्या बाहेर. ना बी झालं, ना तेल, ना खाण्याजोगं राहिलं. त्या वेळी ज्या वाणांना दोन-तीन आठवड्यांची झोप होती त्यांना पावसात थोडी तरी सवड मिळाली. म्हणून माझं मत आता पक्कं झालं आहे. थोडी झोप असलेला वाण हा दोष नाही, तो विमा आहे. फक्त विम्याचे दिवस आपल्याला माहीत पाहिजेत.

आता कामाचं. ताजं बी पेरणीला तयार कसं करायचं, ते मी गेली तीन वर्षं जसं करतो तसं लिहितो.

पहिलं, तारीख. प्रत्येक पोत्याच्या तोंडाला पुठ्ठा बांधायचा. त्यावर वाणाचं नाव आणि काढणीची तारीख. काढणीची, पोतं भरल्याची नव्हे. हे काम दोन मिनिटांचं आहे आणि ह्या दोन मिनिटांपायी माझ्या घरातली एक दिवाळी कडू झाली होती.

दुसरं, वाळवण. झाडं उपटल्यावर शेंगा वर करून ओळीत ठेवायच्या, एक-दोन दिवस वारं लागू द्यायचं. मग तोडणी. तोडलेल्या शेंगा पातळ थरात गोणपाटावर पसरायच्या. सकाळचं ऊन चालतं, अकरानंतर सावलीत ओढायच्या. स्लॅबवर किंवा काळ्या ताडपत्रीवर भर उन्हात बियाण्याच्या शेंगा टाकू नका. मेच्या दुपारी स्लॅबला हात टेकवत नाही, तिथं बियातला जीव कसा टिकंल? खायच्या शेंगांना चालतं, बियाण्याला नाही. शेंग हलवली की दाणा खुळखुळला पाहिजे, दाण्याची साल दोन बोटांत चोळली की सुटली पाहिजे, दाताखाली दाणा कट्‌ वाजला पाहिजे. आठ-नऊ टक्के ओलावा म्हणतात तो साधारण हाच.

इथं एक बारकावा आहे. ऊब आणि होरपळ ह्यात फरक आहे. प्रयोगशाळेत भुईमुगाच्या ताज्या बियाची झोप मोडायला दाणे आधी ४० अंशांच्या कोरड्या उबेत ठेवायची पद्धत आहे. म्हणजे कोरडी ऊब बियाला जागं करते. आपल्याकडं मे-जूनमध्ये सावलीतही एवढी ऊब असते, ती फुकट मिळते. पण त्याच्यापेक्षा जास्त तापलं तर बी जागं होत नाही, मरतं. आणि कुणी हुशारीनं ताजं बी फ्रीजमध्ये ठेवत असेल तर ठेवू नका. गारव्यात झोप लांबते.

तिसरं, साठवण. बी शेंगेतच ठेवायचं, फोडून नाही. शेंगेचं टरफल हे त्याचं घर आहे. पोती फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब. खताच्या पोत्यांजवळ नको.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं, उगवण चाचणी. सोयाबीनची आता बऱ्याच गावांत होते, भुईमुगाची कुणी करत नाही. नवरात्रात आपण घटाला धान्य पेरतो, नऊ दिवसांत काय उगवलं ते बघतो. घरोघरची माणसं जे देवापुढं करतात तेच पोत्यापुढं करायचं आहे. भुईमुगाला दहा दिवस धरा.

पोत्याच्या वरून, मधून, तळातून शेंगा काढा. हातानं फोडा. दाणे निवडू नका, जे येतील ते शंभर मोजा. निवडून चाचणी म्हणजे स्वतःलाच फसवणं. थोडं थायरम चोळा, नाहीतर बुरशी येऊन हिशेब चुकतो. मोठ्या परातीत धुतलेली वाळू घ्या, दोन बोटं खोल दहा-दहाच्या दहा ओळी लावा. वाळू ओली पाहिजे, पाणी साचायला नको. घरात सावलीला ठेवा. वाळू नसेल तर धुतलेलं ओलं गोणपाट गुंडाळून ठेवलं तरी चालतं. पाचव्या दिवशी एकदा बघा, दहाव्या दिवशी शेवटची मोजणी.

आणि मोजताना फक्त उगवलेले मोजून बाकीचे उकिरड्यावर टाकू नका. खरी माहिती त्या न उगवलेल्यांत आहे. त्यांचे वेगळे ढीग करा.

एक, ज्यांचं मूळ आणि कोंब दोन्ही धड आहेत. हे तुमचं खरं बी.

दोन, वेडेवाकडे. मूळ आहे तर कोंब नाही, कोंब आहे तर चिरलेला. हे रानात टिकत नाहीत.

तीन, झोपलेले. पाणी पिऊन फुगलेले, पण दाबले तर टणक, चिरले तर आत पांढरे, वास नाही. मी पाव्हण्यांच्या रानात उकरून बघितले होते ते हेच.

चार, मेलेले. दाबले की पिचकतात, तपकिरी, बुरशी, कुजका वास.

पाचवा ढीग भुईमुगात सहसा नसतो, पण मूग-मटकीवाल्यांना माहीत आहे. पाणीच न प्यालेले, खड्यासारखे दाणे. आपण स्वयंपाकात ज्याला गणंग म्हणतो तो. त्याची तऱ्हा वेगळी, साल इतकी घट्ट की पाणी आत शिरत नाही. झोपलेला दाणा पाणी पितो पण उगवत नाही, गणंग पाणीच पीत नाही.

सरकारी बीजपरीक्षण प्रयोगशाळा आपल्याकडं पुणे, परभणी आणि नागपूरला आहेत. तिथल्या तपासणीतही ढीग असेच पाडतात, आणि झोपलेल्यांना "ताजे न उगवलेले" म्हणून वेगळं मोजतात. बी जिवंत आहे का मेलेलं ते लवकर बघायचं असेल तर टेट्राझोलियम नावाची चाचणी असते, जिवंत भाग लाल होतो. पण घरची परात सगळ्यांना परवडते.

आता निर्णय. धड उगवलेले ७० किंवा जास्त असतील तर नेहमीच्या प्रमाणानं पेरा. भुईमुगाच्या प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्केच उगवण लागते. धड उगवलेले कमी पण झोपलेले जास्त असतील तर घाबरू नका, दहा दिवस थांबा आणि पुन्हा परात लावा. मेलेले जास्त असतील तर थांबून उपयोग नाही, ते बी तेलाच्या घाण्याला घाला. अर्थात औषध न लावलेलं असेल तरच.

माझ्याच बियाचं सांगतो. दुसऱ्या वर्षी काढणीनंतर दहाव्या दिवशी चाचणी लावली तेव्हा तिसरा हिस्साही उगवला नाही. महिना उलटल्यावर तेच बी शंभरात नव्वदच्या आसपास. मधे मी बियाला काहीच केलं नाही. फक्त सावलीत ठेवलं आणि वाट बघितली.

पाचवं, फोडणी आणि बीजप्रक्रिया. शेंगा पेरणीच्या तोंडावर फोडायच्या, आणि बियाण्याच्या तरी हातानं. यंत्रात साल निघते, दाण्याची दोन फाकं होतात, ती फाकं उगवत नाहीत. मग किलोला ५ ग्रॅम थायरम, किंवा त्याच्याऐवजी ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा. रायझोबियम शेवटी, पेरणीच्या दिवशी, १० किलो दाण्याला २५० ग्रॅम. सावलीत सुकवून लगेच पेरा. हे सगळ्यांना माहीत आहे, लांबवत नाही. एवढंच सांगतो की बीजप्रक्रिया झोप मोडत नाही. औषध लावलं म्हणजे बी तयार झालं, असा समज काढून टाका.

आता पळवाटांबद्दल. कुणी म्हणतं रात्रभर पाण्यात भिजवा. झोपलेलं बी पाणी पितंच, पाण्याची कमतरता हा त्याचा रोगच नाही. उलट भुईमुगाचा भिजलेला दाणा हाताळताना फाकतो. कुणी म्हणतं इथ्रेल वापरा. त्यात तथ्य आहे. केळी ज्या इथिलीन वायूनं पिकतात तोच वायू भुईमुगाच्या बियाची झोपही मोडतो, आणि इथ्रेलमधून तोच सुटतो. पण प्रयोगशाळेतलं द्रावण आणि आपल्या बादलीतलं द्रावण ह्यात फरक असतो. माहितगार माणसानं मात्रा लिहून दिल्याशिवाय आणि त्या पिकासाठी शिफारस असल्याशिवाय शंभर किलो बियावर प्रयोग करू नका. फार तर शंभर दाण्यांवर करा, परातीत.

तिसरी पळवाट सगळ्यात फसवी. उगवण कमी आहे ना, मग बी जास्त टाका. झोपलेल्या बियाला हा उपाय लागू पडत नाही. ते काही दाणे आठव्या दिवशी उगवतात, काही विसाव्या. मागून आलेलं झाड आधीच्या झाडाखाली दबतं. भुईमूग तर एकाच दिवशी उपटायचा असतो. आधीच्याच्या शेंगा जमिनीत सुटायला लागतात तेव्हा मागच्याच्या पोकळ असतात. शिवाय ओल्या मातीत वीस दिवस पडलेला दाणा मुंग्या, हुमणी आणि बुरशी सोडत नाहीत. झोपलेलं बी पोत्यात सुरक्षित आहे, मातीत नाही.

खरी वाट सोपी आहे. दिवस मोजा. खरीप भुईमूग १५ जून ते १५ जुलैपर्यंत पेरता येतो. १ जूनला काढणी झाली आणि वाणाला २५ दिवसांची झोप असली तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात पेरा, वेळेतच आहे. तेवढं थांबता येत नसेल तर गेल्या खरिपाचं जपून ठेवलेलं बी वापरा, किंवा झोप नसलेला वाण घ्या. आणि पुढच्या वर्षी उन्हाळी पेरणी जानेवारीच्या मध्यावर आणा. पंधरा दिवस तिकडं वाचवले की इकडं मिळतात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. न उगवलेलं प्रत्येक बी झोपलेलं नसतं. हा लेख वाचून कुणी दुकानदार "अहो, बी झोपलंय, थांबा" म्हणून सडकं बी गळ्यात मारंल. सोयाबीनचं न उगवणं बहुतेक वेळा झोपेमुळं नसतं. त्याची साल पातळ, मळणी यंत्राचे फेरे जास्त ठेवले किंवा पोतं वरून आपटलं की आतला कोंब दुखावतो. दाणा दिसायला चांगला, आतून अपंग. म्हणून तोंडी खुलाशावर जाऊ नका. दाबून बघा, चिरून बघा, वास घ्या. टणक आणि पांढरं असेल तर झोप. मऊ आणि तपकिरी असेल तर फसवणूक, मग पावती आणि पिशवी घेऊन तक्रार करा.

आता दोन शब्द आपल्यातल्या शिकलेल्या मंडळींना. कृषी खात्यातले, विद्यापीठातले बरेच साहेब आणि ताई हे पान वाचतात, म्हणून लिहितो.

वाणाच्या पत्रकात तुम्ही दिवस लिहिता, उत्पादन लिहिता, तेलाचं प्रमाण लिहिता. झोपेचे दिवस कुठंतरी शेवटच्या ओळीत असतात, नाहीतर नसतातच. ते वर आणा. "पक्वता १२० दिवस" ह्याच्या शेजारी "काढणीनंतर सुप्तावस्था इतके दिवस" असं ठळक छापा. आमच्यासाठी दोन्ही आकडे सारखेच कामाचे आहेत. एका आकड्यावर काढणी ठरते, दुसऱ्यावर पेरणी.

बियाण्याच्या पिशवीवरच्या लेबलला तपासणीची तारीख असते, कधीपर्यंत वापरावं ती तारीख असते. काढणीची तारीख मी अजून एकाही पिशवीवर पाहिलेली नाही. ती छापायला काय हरकत आहे? माणसाच्या आधार कार्डावर जन्मतारीख लागते, मग बियाण्याला का नको?

आणि उगवणीची तक्रार आल्यावर शेतात पाहणीला याल तेव्हा कृपा करून रान फक्त वरून बघू नका. ओळ उकरा. दाणा हातात घ्या. शेतकऱ्याला दाखवा की हा मेलेला आहे का झोपलेला. त्या दिवशी कुणी माझ्या पाव्हण्याला एवढं दाखवलं असतं तर रान मोडायच्या आधी त्यानं चार दिवस विचार केला असता. कदाचित मोडलंच असतं, पण माझ्यावरचा विश्वास तरी मोडला नसता.

आपल्या शेतकऱ्यांनाही सांगतो. आपण अजूनही निम्मं बी एकमेकांकडूनच घेतो. दुकानाची पावती नसते, शब्द असतो. तो शब्द सांभाळायचा तर बी देताना एवढं सांगा. वाण कोणता, काढणी कधीची, चाचणी केली का, कधी पेरायचं. "डोळं झाकून पेरा" हे वाक्य मी माझ्या तोंडातून कायमचं काढून टाकलं आहे. बी डोळे उघडून पेरायचं असतं.

ताईंनी दिवस मोजून दाखवले त्याच आठवड्यात मी मेहुण्याकडं गेलो होतो. डायरी घेऊन गेलो, दोघांच्या पेरणीच्या तारखा समोर ठेवल्या. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "दाजी, तुम्ही खोटं बोलत नव्हता म्हणजे." मी म्हणालो, "खोटं नव्हतो बोलत, पण पुरतं खरंही नव्हतो बोलत. अर्धं मला माहीतच नव्हतं."

त्यानंतर दरवर्षी त्याला बी देतो. पोत्याला पुठ्ठा बांधलेला असतो, त्यावर काढणीची तारीख आणि खाली ठळक अक्षरांत "अमुक तारखेच्या आधी पेरू नये". गेल्या वर्षी त्यानं स्वतः परात लावली आणि मला फोन केला, "दाजी, शंभरात अठ्ठ्याऐंशी जागी झाली, बाकीची पण उठत्याल."

भाऊबीजेला आता चहा होतो, जेवणही होतं.

तुमच्याकडं ह्या मेमध्ये जो भुईमूग निघंल त्याच्या पोत्याला आजच तारीख बांधा. आणि तुमच्या भागातल्या वाणांची झोप किती दिवसांची दिसते, तुमच्या परातीचा आकडा काय येतो, ते मला जरूर कळवा. मी डायरीत लिहून ठेवतोय.

राम राम.